कुठलं कासव आणि बिळात किती डिग्री?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंड हवामानात कासवं, साप वर्षभर बाहेर ठेवावेत का यावर तुमच्या पेपरात जी पत्रं येतायत ती वाचतोय. एक गट म्हणतो हा सरळसरळ छळ आहे, दुसरा म्हणतो जंगलात त्यांना कोण हीटर लावून देतं. गंमत म्हणजे नेमका कुठला प्राणी ते कोणीच सांगत नाही.

बॉल पायथन हा अजगर, हिरवा इग्वाना हा मोठा सरडा, आफ्रिकेतलं सल्काटा कासव ही मंडळी शीतनिद्रा, म्हणजे हिवाळाभराची झोप, घेतच नाहीत, त्यांना हिवाळ्यात बाहेर ठेवलं की पचन बंद, मग न्यूमोनिया, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण हर्मन किंवा हॉर्सफील्ड जातीच्या कासवाची गोष्ट वेगळी, ती शीतनिद्रा घेतात. हॉर्सफील्ड मूळचं मध्य आशियातलं, वर्षातले थोडेच महिने जमिनीवर असतं आणि बाकी सगळा काळ खोल बिळात. काटक इतकं की १९६८ मध्ये सोव्हिएत झोंड ५ यानातून याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून जिवंत परत आली, अर्थात त्यावरून अंगणातला प्रश्न सुटत नाही! कॅनडात मॅनिटोबामध्ये नार्सिसला गार्टर साप हजारोंनी चुनखडीच्या भेगांमध्ये हिवाळा काढतात, वर सगळं गोठलेलं असतं पण ते जिथे बसलेले असतात तिथपर्यंत गोठण पोचत नाही. त्यामुळे वरच्या हवेचा आकडा सांगून काही कळत नाही, जनावर जमिनीखाली जितकं खोल आहे तिथे थर्मामीटरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, हवं.

हर्मन-हॉर्सफील्डसारख्या कासवांसाठी तिथे साधारण ५ डिग्री हवं. शून्याखाली गेलं तर डोळे जातात, नाहीतर जीवच जातो, हे बहुतेकांना माहीत असतं. १० च्या वर गेलं की काय होतं याकडे मात्र कोणी बघत नाही. कासव अर्धवट जागं होतं, खात काहीच नाही, साठवलेली चरबी मात्र जाळत बसतं आणि वसंतापर्यंत खंगून जातं. माझ्या मते जास्त कासवं या अर्धवट उबेनेच जातात. लोक प्रेमापोटी पारदर्शक प्लास्टिक किंवा काचेचं झाकण घालतात, भर हिवाळ्यात दोन दिवस ऊन पडलं की आत एकदम उन्हाळा, कासव वर येतं, संध्याकाळी पारा उतरतो आणि तेवढ्यात त्याला परत खाली शिरता येत नाही. अहो, तेच झाकण शरद आणि वसंतात ऊन शेकायला उत्तम, पण हिवाळ्यात त्यावर सावली टाकायला हवी!

दुसरा शत्रू ओल. चिकणमातीत खड्डा केला की पाणी साचतं, कवच कुजायला लागतं, म्हणून वाळूमिश्रित निचऱ्याची माती, वर कोरड्या पानांचा जाड थर आणि छप्पर हवं. उंदरांसाठी जाळीही लावा, झोपलेल्या कासवाचे पाय कुरतडतात ते.

झोपवण्याआधी दोन-तीन आठवडे खाणं बंद, कोमट पाण्यात बसवणं मात्र चालू, कारण पोटात राहिलेलं अन्न थंडीत पचत नाही, तिथेच सडतं. वजन लिहून ठेवायचं. महिन्याला साधारण एक टक्का घटलं तर ठीक, भराभर उतरायला लागलं तर उठवायचं. मध्येच त्याने लघवी केलेली दिसली तरी उठवायचं, कारण शरीरातला पाण्याचा साठाच गेलेला असतो, अशा वेळी "झोपू दे बिचाऱ्याला" म्हणणं महागात पडतं. आजारी किंवा अशक्त कासवाला तर यात घालूच नये, त्याला तो हिवाळा घरातच उबेत ठेवावं.

तेव्हा संपादक महाशय, यापुढे कोणी "आमचं कासव बाराही महिने बाहेरच असतं, काही होत नाही" असं लिहून पाठवलं तर छापा जरूर, फक्त जात कुठली आणि बिळात किती डिग्री हे आधी विचारून घ्या.

– एक वाचक