जिप्सी-जिम्नीला टायर केवढे टाकायचे?

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही मॉडिफाय केलेल्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद जाणाऱ्या) गाड्यांचे फोटो छापलेत. त्यातली ती एक जिम्नी, मडगार्डच्या बाहेर आलेले रुंद टायर, ती बघून माझा भाचा शिमग्याला गावी आला तो पेपर हातात घेऊनच, आणि ओटीवर बसायच्या आधी स्वतःच्या जिम्नीसाठी विचारतो, "मामा, २३५ रुंदीचेच टाकायचे ना, ऑर्डर देऊ का?" त्याला जे सांगितलं ते आपल्याकडच्या बाकीच्या पोरांनापण कळावं म्हणून हे पत्र. लांबलं तर कुठेही कापा, पण आकडे कापू नका, कारण सगळं त्यातच आहे.

मी दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या बाजूला राहतो. हापूसची कलमं आहेत, बाग सड्याच्या (वरच्या कातळी पठाराच्या) खाली उतारावर, जायचा रस्ता म्हणजे अर्धा जांभ्याचा कातळ, अर्धी लाल माती आणि मधे एक पऱ्या (ओहोळ). घरात जिप्सी किंग आहे, १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांवर स्प्रिंगचे पाटे, गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास. वजन मुद्दाम सांगतोय, कारण टायरचा सगळा हिशोब वजनाशी आहे आणि फोटो बघताना तेच कोणी बघत नाही.

मीपण एकदा हेच केलंय. मूळ टायर २०५/७० आर १५ होते, ते झिजून पार गोटा झाले तेव्हा दुकानात एकाने सांगितलं की २३५/७५ टाका, आरामात बसतात, गाडी उंच होईल, चिखलात कुठे अडणार नाही. बसले खरे. रिकाम्या गाडीला, सरळ चाकं ठेवून बसलेच. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कापून त्याने बघितलं नाही आणि बघ म्हणून मीपण सांगितलं नाही.

मे महिना, पहाटेचे चार, मागे आंब्याच्या बावीस पेट्या आणि दोन गडी. बागेतून सड्यावर चढताना एक वळण आहे, तिथे स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापावं लागतं आणि नेमकं तिथेच पुढचं डावं चाक खड्ड्यात जातं. पाटे दबले, चाक वर आलं आणि टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या धारेवर घासत गेला. आधी घर्रकन आवाज, मग जळक्या रबराचा वास. खाली उतरून बॅटरी मारली तर साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, वीतभर चीर, आतले दोरे दिसत होते, हवा गेलेली. ट्रेडला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीला, खिळा घुसला तर पंक्चर काढता येतं, पण साइडवॉल फाटली की टायर गेलाच.

आता खरी गंमत नाही तर खरं संकट पुढे आहे. मी चारच टायर घेतले होते, स्टेपनी जुन्याच मापाची. एका चाकाचं माप वेगळं असताना फोर बाय फोर लावून कातळावर चढवायचं म्हणजे पुढच्या मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि ताण सगळा ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो, कारण जिप्सीत काय किंवा जिम्नीत काय, पुढच्या-मागच्या ॲक्सलमधला फरक सोडवायला मधे डिफरेन्शियल नाही. नुसत्या मागच्या चाकांवर ती चढण चढेना. शेवटी बावीस पेट्या गड्यांनी आणि मी पाखाडीच्या पायऱ्यांनी डोक्यावरून वर नेल्या, उजाडलं, आणि वाशीला जाणारा ट्रक निघून गेला होता. पेट्या दुसऱ्या दिवशी गेल्या, पण त्या सकाळी त्या दोन माणसांच्या मानेवर काय बोजा पडला ते मी विसरलेलो नाही.

त्यानंतर मी टायरवरचे आकडे वाचायला शिकलो. २३५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आणि आतली रिम १५ इंची म्हणजे ३८१ मिलिमीटर. साइडवॉल वर एक आणि खाली एक अशी दोनदा धरायची, त्यात रिम मिळवायची. या हिशोबाने माझा जुना टायर ६६८ मिलिमीटर उंच आणि नवा ७३४ च्या जवळपास. फरक ६६, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, म्हणजे ३३ मिलिमीटर. सव्वा इंच! एवढ्यासाठी मी बाकीचं सगळं पणाला लावलं होतं.

बाकीचं म्हणजे काय, तर चाक जवळजवळ दहा टक्क्यांनी मोठं झालं की सगळे गिअर दहा टक्क्यांनी लांब होतात. सायकलचा मोठा गिअर टाकून घाटी चढल्यासारखं, जिथे सेकंडवर जायची तिथे फर्स्ट मागायला लागली आणि क्लच सोडताना वास येऊ लागला. उतरताना तर अजून वाईट. दापोलीहून हर्णैकडे जाताना आसूदचा उतार आहे, तिथे भरलेली गाडी मी कायम गिअरमध्ये धरून उतरवतो, ती धरेनाशी झाली, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरायचं. टायर पण जड, वाण्याच्या काट्यावर घातला तर एकेक टायर जुन्यापेक्षा साडेचार किलोने जास्त भरला, आणि हे फिरणारं वजन आहे, तेवढं थांबवायला ब्रेक मात्र तेच. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने चाललेली असते. शिवाय २३५ ला किमान ६ इंच रुंद रिम लागते, माझी साडेपाचची, त्यामुळे टायर मधे फुगून बसला आणि पावसाळा संपेपर्यंत मधली नक्षी झिजली, कडा तशाच नव्या.

आणि चिखल? त्यातपण फायदा नाही झाला. आमच्याकडे चिखल वर असतो आणि खाली वीतभरावर कातळ. अरुंद टायर तो चिखल कापून कातळाला पाय टेकवतो, रुंद टायर हलक्या गाडीखाली वरच्यावर तरंगतो. जड गाडीला रुंद टायर पेलतो, हजार किलोच्या गाडीला नाही. वाळूची गोष्ट निराळी, तिथे तरंगायलाच हवं, पण त्यासाठी रुंद टायर कशाला, हवा कमी करा. सुरूच्या बनातून जी वाळूची वाट जाते तिथे मी हवेचा दाब १८ पीएसआयवर आणतो, टायर पसरतो आणि जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो. डांबरावर यायच्या आधी मात्र परत भरायची, नाहीतर टायर तापतो. सिगारेटच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवला की झालं.

(वाळू म्हणजे किनारा नाही, हे इथेच सांगतो. आंजर्ल्याला, वेळासला पुळणीवर कासवं अंडी घालतात, पिल्लं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात आणि दोन इंचाचं पिल्लू टायरच्या चाकोरीत पडलं की त्याला समुद्रापर्यंत पोचता येत नाही. मोठे टायर आहेत म्हणून पुळणीवर गाडी घालणाऱ्यांनी एकदा पहाटे येऊन ती पिल्लं बघावीत. भरती आली की गाडीचं काय होतं ते दर सुट्टीत आम्ही बघतोच, ट्रॅक्टर आमचेच जातात.)

मग मी काय केलं, तर माप परत मूळचं २०५/७० आर १५ आणि नक्षी बदलली, ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या रस्त्यांसाठीची. मड टेरेनचे, म्हणजे चिखलासाठीचे, मोठ्या बटणाचे टायर दिसायला छान, पण आमचा रस्ता भातखाचरातून नाही, पावसात शेवाळ धरलेल्या जांभ्यावरून आणि ओल्या डांबरावरून जातो, तिथे बटणं मोठी असली की टेकायला रबर कमी मिळतं आणि गाडी घसरते. बारीक चिरा असलेली ऑल टेरेनची नक्षी धरून राहते. पाचही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घेतले. तेव्हापासून ते वळण सुटतंय.

भाच्याची जिम्नी जरा वेगळी. तिला कंपनीचे टायर १९५/८० आर १५, उंची ६९३, आणि खालून जागा मुळातच २१० मिलिमीटर. इंजिन १४६२ सीसी, ऑटोमॅटिकला चारच गिअर, म्हणजे लांब गिअर तिलापण सोसत नाहीत. मापात फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असं जाणकार सांगतात. २१५/७५ आर १५ ची उंची ७०४ होते, फरक दीड टक्का, तो चालेल. २३५/७५ ला फरक पावणेसहा टक्क्यांवर जातो, आणि मिळतं काय, तर २० मिलिमीटर. मी त्याला सांगितलं, घेतलेस तर २१५, तेपण आधी कंपनीच्या डीलरकडून लेखी विचारून, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, साइडवॉलवर चार आकड्यांत कितव्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनवलाय ते असतं ते बघून. स्पेसर (रिमच्या मागे बसवायची चकती) लावून चाकं बाहेर काढायची नाहीत, बेअरिंग खातात. इन्शुरन्सवाल्याला कळवायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही आणि सुप्रीम कोर्टानेपण जानेवारी २०१९ मध्ये तसंच सांगितलंय.

त्याला पटत नव्हतं, तेव्हा खळ्यात टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण केली आणि जिप्सी एक फेरा ढकलली. टेपने मोजलं, दोन मीटर चार सेंटीमीटर. मग मागे पडवीत ठेवलेल्या त्या जुन्या २३५ पैकी एक चाक चढवून तेच केलं, दोन मीटर तेवीस. मधलं अंतर त्याने हाताच्या वितीने मोजलं आणि गप्प झाला. ऑर्डर अजून दिलेली नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी असे फोटो छापाल तेव्हा प्रत्येक फोटोखाली गाडीचं वजन, मूळ टायरचं माप आणि आता टाकलेलं माप, या तीन गोष्टी छापा. आणि जमलं तर त्या गाडीवाल्याला विचारा, मागे तीनशे किलो भरून स्टिअरिंग पूर्ण कापलं तर टायर कुठे लागतो का.

आपला,
एक बागायतदार वाचक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी