टल्साचे तेल आणि आमची केळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा पुतण्या अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, टल्सा येथे खनिज तेलाच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. त्या निमित्ताने या शहराचा इतिहास वाचनात आला. रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकांनी आणि आमच्या नगरपालिकांनी तो समजून घ्यावा असे मनापासून वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

सन १९०० मध्ये टल्साची वस्ती चौदाशेच्याही आत होती. १९०१ मध्ये आर्कान्सा नदीपलीकडे रेड फोर्क येथे आणि १९०५ मध्ये दक्षिणेकडील ‘ग्लेन पूल’ नावाच्या तेलक्षेत्रात तेल लागले, आणि १९२० पर्यंत लोकसंख्या ७२ हजारांवर गेली. तेल शहरात नव्हे, तर शेजारी लागले होते, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. नदीवरील पुलासाठी कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव फसला, तेव्हा काही नागरिकांनी स्वतःचे पैसे घालून तो बांधला व १९०४ मध्ये वाहतुकीस खुला केला. ग्लेन पूलचे तेल वाहू लागले तेव्हा ये-जा करण्याची, मुक्कामाची आणि पैशाच्या व्यवहाराची सोय टल्सात तयार होती. ‘जगाची तेलराजधानी’ हा लौकिक शहराला मिळाला त्यामागे ही तयारी होती.

पिण्याच्या पाण्याचे मात्र हालच होते. आर्कान्सा नदीचे पाणी खारट आणि गाळाने भरलेले असे. ज्यांना परवडे ते बाटलीतले पाणी विकत घेत. अखेर भरभराटीच्या काळातच शहराने मोठे कर्ज उभारले, ५० मैलांहून अधिक अंतरावरील स्पॅव्हिनॉ येथे धरण बांधले आणि १९२४ मध्ये तेथील पाणी जलवाहिनीतून, बव्हंशी नैसर्गिक उताराने, शहराकडे आणले. शंभर वर्षे झाली, टल्सा आजही त्या तलावाचे पाणी पिते. पुढे १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि अनेक कंपन्यांनी आपला कारभार ह्यूस्टनला हलवला. पाणी मात्र शहराकडेच राहिले. वेट फिलिप्स या तेलसम्राटाने १९३८ मध्ये कलासंग्रहालयासाठी देऊन टाकलेला ७२ खोल्यांचा वाडा व त्याभोवतीची बागही राहिली.

या शहराच्या इतिहासावर एक काळा डागही आहे, आणि तो वगळून टल्साचे गोडवे गाणे अन्यायाचे होईल. ३१ मे व १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची समृद्ध पेठ जाळली. सुमारे ३५ ब्लॉकमधील घरे व दुकाने बेचिराख झाली. मृतांचा आकडा तीनशेपर्यंत असावा असे इतिहासकार मानतात. विमा कंपन्यांनी दावे फेटाळले, आणि कित्येक दशके या घटनेचा शाळेतही उच्चार होत नव्हता. अखेरच्या वाचलेल्यांचा भरपाईचा दावा २०२४ मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. भरभराट आली तेव्हा ती कोणाच्या दारापर्यंत पोहोचली, हा प्रश्न प्रत्येक श्रीमंत गावाने स्वतःला विचारला पाहिजे.

आमच्या भागात तेल नाही, पण केळी आहे आणि केळीच्या बुडाशी जमिनीतले पाणी आहे. यावल-रावेरमध्ये ज्या विहिरींवर पूर्वी मोट चालत असे, त्यांच्या तळाशी आज दगडगोटे दिसतात, आणि शेजारच्या बोअरवेलमध्ये आणखी पाइप सोडण्याचे काम चालू असते. आपणही उपसा करूनच श्रीमंत झालो आहोत. केळीला चांगला भाव मिळाला की गावात नवे बंगले उठतात, मोटारी येतात, लग्नांचे मंडप वाढतात. हे सुख कष्टाचे आहे, त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्याच गावात नळाला दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा पाणी येते, आणि केळीच्या घडांची वाहतूक करणाऱ्या मजुरांच्या वस्तीत ते सर्वांत शेवटी पोहोचते.

पैसा गावासाठी लावणे आपल्या मातीला नवे नाही. अमळनेरला प्रतापशेठजींनी गिरणीच्या उत्पन्नातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. गिरणीचे वैभव ओसरले, पण त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात आजही वर्ग भरतात.

तापी नदीचे पाणी जमिनीत मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेची चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. ती पूर्ण होईल तेव्हा होवो. तोवर बाजार समित्या, केळी व्यापारी आणि ग्रामपंचायती यांनी केळीच्या प्रत्येक गाडीमागे एक ठरावीक रक्कम वेगळी काढून तालुकानिहाय जलनिधी सुरू करावा. सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांवर बंधारे, जुन्या विहिरींचे पुनर्भरण आणि मजूर वस्त्यांपर्यंत नळ, एवढ्याच कामांसाठी तो वापरावा, आणि त्याचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी चावडीवर लावावा. येत्या हंगामाआधी लोकप्रतिनिधींनी यासाठी संबंधितांची बैठक बोलवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक केळी उत्पादक, फैजपूर (ता. यावल)