निवडून देणारे कोणीतरी हवे

महोदय,

गेल्या रविवारी रात्री पाने वाढून झाली होती, गोळाभातावर फोडणीचे तेलही घातले होते आणि जेवताना काय पाहायचे हे ठरवण्यासाठी मुलगा, सून व नातू आळीपाळीने रिमोट घेऊन पडद्यावरच्या चित्रांच्या रांगा सरकवत होते. गोळाभात निवला, नातू पेंगुळला आणि शेवटी आधी दोनदा पाहिलेल्या मालिकेचाच एक भाग लावला गेला.

२०१६ या एकाच वर्षात जानेवारीत नेटफ्लिक्स आणि डिसेंबरात अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ भारतात सुरू झाले. मधल्या काळात मोबाइलवरचे इंटरनेटही एकदम स्वस्त झाले. घरबसल्या जगभरचे चित्रपट पाहता येतात याचा मला मनापासून आनंद आहे. तक्रार एवढीच की, एवढ्या पसाऱ्यातून आपल्यासाठी निवडून देणारे माणूस आता उरलेले नाही. पडद्यावर येणाऱ्या शिफारशी आपण पाहत राहावे म्हणून असतात. काय पाहू नये, हे त्या कधीच सांगत नाहीत.

विद्यार्थिदशेत मी नागपुरातल्या बर्डीवरच्या ज्या वाचनालयाचा सभासद होतो, तेथे एका वेळी एकच पुस्तक मिळे आणि ते पंधरा दिवसांत परत करावे लागे. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचा तारखेचा शिक्का उमटवताना तेथले ग्रंथपाल कधीकधी थांबत आणि, ‘हे आत्ता जड जाईल, आधी दुसरे देतो,’ म्हणून आत जाऊन वेगळेच पुस्तक घेऊन येत. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. आमच्या त्या ग्रंथपालांनी माझा किती वेळ वाचवला, हे मला आज उमगते.

घरात आता आम्ही एक वही ठेवली आहे. तिच्यात एका वेळी तीनच नावे राहतात. त्यांतले एक पाहून झाल्याशिवाय किंवा सर्वांच्या संमतीने खोडल्याशिवाय चौथे लिहायचे नाही. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोयही सेटिंगमध्ये जाऊन बंद केली आहे. दिवाळी अंक मी दरवर्षी सहा-सात घेत असे आणि त्यांतले निम्मे संक्रांतीनंतरही कोरेच राहत. यंदा दोनच घेणार आहे आणि ते जाहिरातींसकट वाचून काढणार आहे.

तरीही वहीत काय लिहावे, हा प्रश्न उरतोच. म्हणून आपल्या दैनिकाला विनंती आहे की, रविवारच्या पुरवणीत नव्या प्रकाशनांच्या लांबलचक याद्यांऐवजी शहरातील एखाद्या ग्रंथपालाकडून दर आठवड्याला एकच पुस्तक आणि एकच चित्रपट सुचवून घ्यावा, आणि ते पुस्तक नागपुरातील कोणत्या वाचनालयात मिळेल हेही सोबत छापावे.

आपला,
एक नियमित वाचक
धंतोली, नागपूर