पत्र बाबांना आहे, पण आई, आधी तू वाच

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "डॉक्टर म्हणतायत सायकल चालवा. या वयात! विश्रामबागेतली पोरं हसतील." आणि लगेच विषय हळदीच्या भावावर गेला. फोनवर तुमच्याशी वाद घालून मी कधी जिंकलेली नाही, म्हणून पत्र.

बाबा, तीन महिन्यांची सरासरी साखर ८.१ आली आहे, ती पोरांच्या हसण्याने वाढायची नाही. मागच्या वर्षी, बेचाळिसाव्या वर्षी, मी सायकल घेतली तेव्हा मलाही वाटलं होतं की अख्खं कोथरूड माझ्याकडेच बघतंय. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फजिती झाली ती वेगळीच. पहिल्याच दिवशी चांदणी चौकाचा चढ, तोही जड गिअरमध्ये. दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसले. "सायकल काही आपल्याला मानवत नाही" असं जाहीर करणार होते, तेवढ्यात दुकानातल्या मिस्त्रीने सीटकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ही लहान मुलाच्या मापाची झालीय." टाच पायडलवर ठेवायची, पायडल अगदी खाली न्यायचं, तेव्हा पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात थोडा वाक राहतो. सीट चार बोटं वर घेतली, गिअर हलका ठेवला, गुडघा गप्प झाला. पाय भरभर फिरले तर फिरू देत, जोर लावायचा नाही.

आता ॲटलस. जिन्याखालून काढून तेलपाणी करायचा तुमचा बेत आईने मला सांगितलाय. बाबा, तिच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून तुम्ही मला शाळेत सोडायचात, तिच्यावर माझाही जीव आहे. पण त्या उंच दांडीवरून अडुसष्टाव्या वर्षी टांग टाकायची नाही. चालत्या सायकलवरून पडायची मला तेवढी भीती वाटत नाही, चढता-उतरताना तोल जायची वाटते. खाली दांडीची, जिला आपण लेडीज सायकल म्हणायचो तसली, हलक्या गिअरची घेऊ. हसा खुशाल.

आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतकाच वेग. साखरेची जी गोळी चालू आहे तिने व्यायामात साखर एकदम उतरू शकते का, ते डॉक्टरांना आधी विचारा, आणि खिशात खडीसाखर असू द्या. हात थरथरले, घाम फुटला तर थांबून ती तोंडात टाकायची. छातीत भरून आलं तर तिथेच उतरायचं, घरापर्यंत रेटायचं नाही. सांगली-मिरज रस्त्यावर जायचं नाही. सकाळी सहाला कॉलनीतल्या गल्ल्या पुरेत. हरिपूरच्या संगमापर्यंत जायची हौस दोन महिन्यांनी. आणि हो, पहिले आठ-दहा दिवस बूड दुखेल. त्यावर बोलायला नको.

आता आई, तुझ्याविषयी. खरं तर पत्र मी त्यासाठीच काढलं.

तासगावला मामांना तासाच्या भाड्याने सायकल मिळायची आणि तू मागे कॅरिअर धरून पळायचीस, हे तू हसत सांगतेस. मामा शिकले. मग मी शिकले, तेव्हाही कॅरिअर तूच धरलं होतंस, सुटीत, आमराईसमोर, चप्पल हातात घेऊन. तुझं कॅरिअर धरायला कुणीच पळालं नाही. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकताना माझ्याही ते लक्षात आलं नाही, याची आता लाज वाटते.

बासष्टाव्या वर्षी तोल येतो, आई. आमच्या सोसायटीत एक काकू शिकल्या. दोन्ही पायडल काढून टाकतात, सीट इतकी खाली घेतात की दोन्ही पावलं जमिनीवर टेकतील, आणि पायांनी ढकलत ढकलत पुढे जायचं, मूल पांगुळगाड्यावर जातं तसं. पावलं आपोआप वर राहायला लागली की पायडल बसवायची. कॅरिअर कुणी धरायची गरजच पडत नाही. तुला मात्र चालणंही सोडता येणार नाही, कारण सायकलवर हाडांवर भार येत नाही आणि तुझी हाडं ठिसूळ होतायत.

पंजाबी ड्रेस घाल, ओढणी नको, चाकात जाते. पायात बूट. हेल्मेट मी आणते, दोघांनाही.

पुढच्या शनिवारी येते. सायकल मागे बांधून आणीन. बाबा, तुमच्या पेटीत १५ नंबरचा पाना आहे का ते बघून ठेवा, आईची पायडल तुम्ही काढायची. डावीचे आटे उलटे असतात, हे मला तुम्हीच शिकवलंय.

तुमची,
मनी