पेस्कारात जिंकले ते मॉस, फांजिओ नव्हेत

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटार-शर्यतींवर आलेला लेख आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला इतकी जागा क्वचितच मिळते, त्यामुळे लेखकाचे आभार आधी मानतो आणि मग दुरुस्तीकडे वळतो. १८ ऑगस्ट १९५७ रोजी इटलीतील पेस्कारा येथे झालेली ग्रां प्री (जागतिक अजिंक्यपदासाठीची मोटार-शर्यत) अर्जेंटिनाचे हुआन मान्युएल फांजिओ यांनी जिंकली, असे लेखात म्हटले आहे. ती इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉस यांनी जिंकली. सरावात सर्वांत वेगवान फेरी फांजिओंची होती आणि त्याच्या दोनच आठवडे आधी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे त्यांनी आपले पाचवे जगज्जेतेपद निश्चित केले होते, त्यामुळे लेखकाची गल्लत समजण्यासारखी आहे. पण पेस्कारात ते दुसरे आले, आणि तेही तीन मिनिटांहून अधिक मागे राहून. लेखासोबतचे छायाचित्रसुद्धा मॉस यांच्याच गाडीचे आहे. चालकाच्या डोक्यामागे उंच उचललेली आणि शेपटीकडे निमुळती होत गेलेली ती पाठ मॉस यांच्या ब्रिटिश बनावटीच्या व्हॅनवॉलची आहे. फांजिओंची माझेराती एवढी उंच नव्हती. कृष्णधवल छायाचित्रात व्हॅनवॉलचा हिरवा आणि माझेरातीचा लाल रंग कळत नाही, ही अडचण मान्य.

एवढ्यासाठी मी लेखणी उचलली नसती. नियम करणाऱ्यांच्या भित्रेपणामुळे सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यती बंद पडल्या, आणि आपल्याकडेही एखाद्या घाटात तशी शर्यत भरवायला हरकत नाही, असे लेखाच्या शेवटी सुचवले आहे. वाहनउद्योगात बत्तीस वर्षे, त्यातली बरीचशी ब्रेकच्या चाचण्यांवर काढलेला माणूस म्हणून मला हे पटत नाही, आणि पेस्काराच्याच उदाहरणाने का पटत नाही ते सांगतो.

पेस्काराची एक फेरी सुमारे साडेपंचवीस किलोमीटरांची होती. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत याहून लांब मार्ग ना त्याआधी होता, ना पुढे कधी झाला. दादरहून लोकलने ठाण्याला जावे एवढे हे अंतर, आणि अशा अठरा फेऱ्या. एड्रियाटिक समुद्राच्या काठाने निघालेला रस्ता आत वळून टेकड्यांवर चढायचा, स्पोल्तोरे आणि काप्पेल्ले या गावांच्या वस्तीतून वळणे घेत जायचा, तिथून सरळसोट उताराने मोन्तेसिल्वानोकडे झेपावायचा आणि पुन्हा समुद्राच्या कडेने शहरात परतायचा. काही वर्षांपूर्वी मी हा मार्ग भाड्याच्या लहानशा गाडीने पालथा घातला. आमचे एक चुलत आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीच्या मोहिमेवर गेले होते. सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानात, जिथे दहन झालेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक आहे, तिथे जाऊन येताना पेस्कारा वाटेवरच लागले. काप्पेल्लेत मी गाडी बाजूला लावून रस्ता पावलांनी मोजला. एका घराच्या पायरीपासून समोरच्या घराच्या पायरीपर्यंत माझी अकरा पावले भरली. पायरीवर तुळशीसारखी दिसणारी बेसिलची कुंडी होती आणि तिच्या काठाला टेकून एक आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. दर दहा-बारा मिनिटांनी या पायरीला घासून अडीचशेहून अधिक अश्वशक्तीच्या गाड्या जात होत्या, ही कल्पना त्या जागी उभे राहिल्याशिवाय अंगावर येत नाही.

त्या गाड्यांत सीटबेल्ट नव्हते. व्हॅनवॉलला उघड्या चकतीचे डिस्क ब्रेक होते, माझेरातीला मात्र अजून बंद डब्यासारखे, उष्णता कोंडून ठेवणारे ड्रम ब्रेकच होते, आणि लांब उतारावर ड्रम तापला की पायाखालचे पेडल कसे ढिले पडते हे घाटात ट्रक चालवणाऱ्या कुणालाही विचारावे. हे सगळे चालकांना ठाऊक होते व त्यांनी ते पत्करलेले होते. रस्त्याच्या कडेला मुलाला खांद्यावर घेऊन उभ्या राहिलेल्या बापाने मात्र त्यातले काहीच पत्करलेले नव्हते. लेखकाच्या युक्तिवादात हा माणूस कुठेच येत नाही.

आणि १९५७ च्या उन्हाळ्यात इटलीत हा माणूस विसरणे शक्यच नव्हते. त्याच वर्षी १२ मे रोजी, मिल्ले मिल्या ही हजार मैलांची शर्यत संपत आलेली असताना, ग्विदिझ्झोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागो यांच्या फेरारीचा टायर फुटला. ते स्वतः आणि त्यांचे सहचालक तर गेलेच, पण कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षकही गेले, आणि त्यांत पाच मुले होती. टायर फुटण्यात चालकाच्या धैर्याचा किंवा भित्रेपणाचा प्रश्न येतो कुठे? त्याच्या दोन वर्षे आधी फ्रान्समधील ल मां येथील शर्यतीत ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती, आणि स्वित्झर्लंडने तर त्यानंतर अशा शर्यतींवर सरळ बंदीच घातली. मे महिन्यातील अपघातानंतर इटलीतही सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतींविरुद्ध लोकमत पेटले होते. पेस्काराला परवानगी मिळाली हेच नवल. त्या वर्षी बेल्जियम आणि हॉलंडच्या शर्यती रद्द झाल्या नसत्या, तर अजिंक्यपदाच्या यादीत पेस्काराचे नावही आले नसते.

फेरारी संघाचे मालक एन्झो फेरारी यांनी पेस्काराच्या शर्यतीसाठी संघ पाठवला नाही, याचाही लेखात उल्लेख नाही. मिल्ले मिल्याच्या अपघाताबद्दल त्यांच्यावर मनुष्यवधाचा खटला भरला जाणार होता (त्यातून ते १९६१ मध्ये सुटले), आणि त्याबद्दलची त्यांची नाराजी जगजाहीर होती. गंमत अशी की १९२४ साली पेस्काराची पहिली शर्यत, तेव्हाचा कोप्पा आचेर्बो, अल्फा रोमिओ चालवून जिंकणारे हेच फेरारी होते. शेवटी रोमच्या लुईजी मुस्सो यांनी गळ घातली म्हणून एक गाडी त्यांना वापरायला दिली गेली, आणि पहिल्या फेरीअखेर तीच पुढे होती. दुसऱ्या फेरीत मॉस यांनी तिला मागे टाकले. पुढे मुस्सो यांचे इंजिन गेले, त्यातून रस्त्यावर सांडलेल्या तेलावर फांजिओंची गाडी घसरली आणि तिच्या चाकाला इजा झाली. नंतर मॉस इंजिनात तेल भरण्यासाठी थांबले, तरीही त्यांची आघाडी गेली नाही. सुरुवात केलेल्या सोळांपैकी शेवटी सात गाड्या उरल्या. सातवे आलेले जॅक ब्रॅबहॅम यांचे पेट्रोल वाटेतच संपले, तेव्हा त्यांनी रस्त्याकडेच्या पंपावर जाऊन टाकी भरून घेतली आणि शर्यत पूर्ण केली. मला हा प्रसंग फार आवडतो, आणि तो सार्वजनिक रस्त्यावरच घडू शकतो हेही मी नाकारत नाही. तेव्हा रस्त्यावरच्या शर्यतीची मोहिनी मला कळत नाही, असा समज लेखकाने करून घेऊ नये.

घाटाच्या सूचनेबाबत एवढेच म्हणतो. पूर्ण बंद केलेल्या छोट्या टप्प्यावर एकेक गाडी घड्याळाविरुद्ध सोडणे वेगळे, आणि गावे पोटात घेतलेल्या साडेपंचवीस किलोमीटरांवर सोळा गाड्या एकदम सोडणे वेगळे. आज शहरांत ज्या शर्यती होतात, त्या दोन ते सुमारे सहा किलोमीटरांच्या मार्गावर, काँक्रीटचे कठडे व उंच जाळ्या उभारून होतात. २०२३ च्या फेब्रुवारीत हैदराबादला हुसेनसागरच्या काठी झालेली विजेवरच्या गाड्यांची शर्यतही तशीच होती. साडेपंचवीस किलोमीटरांच्या दोन्ही बाजूंना असे कठडे कोण उभारणार, आणि घाटात एका बाजूला दरड व दुसऱ्या बाजूला दरी असताना प्रेक्षकांना उभे कुठे करणार, हे लेखकाने सांगितलेले नाही.

जाता जाता आणखी एक. पेस्काराच्या रस्त्यावर १९५७ नंतर शर्यत झाली नाही, हे लेखातले विधानही दुरुस्त करावे. जागतिक अजिंक्यपदाची ग्रां प्री पुन्हा झाली नाही, हे खरे. परंतु १९६१ मध्ये तिथे स्पोर्ट्स गाड्यांची चार तासांची शर्यत झाली, आणि तो मार्ग बंद झाला तो त्यानंतर. शक्य असल्यास विजेत्याचे नाव व छायाचित्राखालची ओळ, दोन्ही पुढच्या रविवारी सुधारून छापावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता, चिंचवड