मेंदूच्या गाठीचा ब्लॉक मागून घ्या

महोदय,

मी बेळगावात पॅथॉलॉजी लॅबमधून टेक्निशियन म्हणून निवृत्त झालो. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमधून काढून मेणात बसवायचा आणि मायक्रोटोम या यंत्रावर त्याचे पापुद्रे कापायचे, हे माझं काम. मेणात बसवलेल्या त्या तुकड्यालाच ब्लॉक म्हणतात. म्हणून खानापूर-निपाणीकडचे ओळखीचे लोक अजून फाइल घेऊन घरी येतात. पिशवीत एमआरआयच्या फिल्मा, बिलं, अगदी देवाचा अंगारासुद्धा असतो. गाठीचा मेणाचा ब्लॉक मात्र नसतो.

मेंदूच्या गाठीत सगळं त्यावरच अडतं, कारण जनुकांच्या तपासण्या त्या ब्लॉकमधल्या तुकड्यावरच होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २०१६ पासून, आणि २०२१ मध्ये जास्तच ठामपणे, पेशींच्या रूपाबरोबर जनुकीय बदलही धरले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य, दुसऱ्या ग्रेडची दिसणारी ग्लिओमाची, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची, गाठ असते. पण मोठ्या माणसात आयडीएच जनुक बदललेला नसेल आणि टर्ट किंवा ईजीएफआर या जनुकांमध्ये ठरावीक बदल सापडले, तर तिला ग्लिओब्लास्टोमाच, म्हणजे सगळ्यात आक्रमक प्रकार, म्हणतात. उलट आयडीएच बदललेला आणि १पी, १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही भाग गळालेले असले, तर ती ऑलिगोडेंड्रोग्लिओमा हा वेगळा प्रकार. ती रेडिएशन-केमोला चांगली दाद देते, रुग्णाला बरीच वर्षं मिळतात. टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी कितपत लागू पडेल याचा अंदाज एमजीएमटी या जनुकाच्या तपासणीतून येतो. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला रेडिएशन द्यावं की नुसत्या गोळ्या, हे ठरवताना तो फार कामाला येतो. एवढं करूनही ग्लिओब्लास्टोमा बरा होत नाही, हेही खरं. पण शेत गहाण टाकण्याआधी घरच्यांना आजाराचं खरं नाव तरी कळावं.

आपल्याकडे ऑपरेशन एका गावात, रेडिएशन मिरजेला, कोल्हापूरला नाहीतर मुंबईला. तिथं ब्लॉक मागतात, मग मुलगा उलट्या पावली परत येतो आणि लॅबवाले म्हणतात, ‘साहेब नाहीत, सोमवारी या.’ ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यात रेडिएशन सुरू व्हायला हवं. त्यातले दिवस असे वाया जातात.

डिस्चार्ज कार्डावर ब्लॉकचा नंबर आणि तो कुठल्या लॅबमध्ये आहे, एवढं रुग्णालयांनी लिहावं. शाई फुकटच असते. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केलेली आरोग्य योजना असो की कर्नाटकची, या तपासण्यांचा खर्च त्यात स्पष्टपणे धरावा.

आणि ब्लॉक नेताना एसटीच्या इंजिनाजवळ ठेवू नका, मेण वितळतं. डबीत घालून खिशात ठेवा, पोच घ्या.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, शहापूर, बेळगाव