निळ्या फाईलमधलं पत्र

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१७ ऑगस्ट २०२५

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

मिझोरामला, ऐझॉलच्या संघाकडं फुटबॉल खेळायला निघशील तेव्हा हे पत्र तुला निळ्या फाईलच्या पहिल्या कप्प्यात सापडेल. तोंडी सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि घरात असलास की मी बोलायला लागले रे लागले, तुझे बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. शिवाय अठ्ठावीस वर्षं पतसंस्थेत काढलेल्या बाईला लेखी दिल्याशिवाय काही दिल्यासारखं वाटतच नाही.

परवा गंगावेशीत दूध प्यायला गेलो तेव्हा तुझ्या शाळेतल्या सरांनी सहज विचारलं, ‘सध्या कुठला क्लब?’ तू म्हणालास, ‘बघतोय.’ घरी येईपर्यंत गप्प होतास. रात्री जेवताना म्हणालास, ‘सहा वर्षांत सहा क्लब झाले आई. लोकांना वाटत असणार, ह्याला कोण ठेवूनच घेत नाही.’ मी काही बोलले नाही. कारण त्याच आठवड्यात मी शेजारच्या काकूंना ठोकून दिलं होतं की तुझी आयएसएलच्या, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगच्या, एका क्लबाशी बोलणी चालू आहेत. कसली बोलणी! जुलैपासून आयएसएलच थांबली आहे, मोठमोठ्या क्लबांची पोरं घरी बसून आहेत. म्हणजे तुला लाज वाटली त्याच्या आधी ती मला वाटली होती. हे कबूल करते आणि पुढचं लिहिते.

रात्री तू झोपल्यावर मी तुझं रजिस्टर काढलं. तू हसतोस त्याला, पण त्यात प्रत्येक क्लबाची एक ओळ आहे: सही केल्याची तारीख, करार संपायची तारीख, पगार कधी ठरला, कधी आला, आणि शेवटच्या रकान्यात ‘का सोडला’. तो शेवटचा रकाना सलग वाचला. पहिल्या क्लबानं सीनियर संघच बंद केला. दुसरीकडे लोनवर, म्हणजे उसना होतास, लोन संपलं. तिसरीकडे डिसेंबरात कोच बदलला आणि नव्यानं त्याचा माणूस आणला. चौथ्यानं दोन महिन्यांचा पगार ठेवला. पाचवा खालच्या विभागात गेला. सहाव्याचा करार ३१ मेला संपला आणि पुढचा सीझन होणार का, हेच कोणाला सांगता येईना. यातलं तिसरं थोडं तुझ्याकडंही येतं. त्या वर्षी तुझं वजन वाढलं होतं आणि बॉल गेला की तू मागं पळत येत नव्हतास, टीव्हीवर मलासुद्धा दिसत होतं. तेवढं तुझं. बाकीच्या पाच ओळी तुझ्या नाहीत.

तुझ्या बाबांना वाटतं, एका संघात राहावं, जसे ते पंधरा वर्षं एका तालमीच्या फुटबॉल संघासाठी हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळले. पण तालीम कुठं जात नाही रे. पेठ आहे तोवर पाटाकडील तालीम आहे, शिवाजी पेठ आहे तोवर माझ्या माहेरचं शिवाजी तरुण मंडळ आहे. तुमचे क्लब तसे नाहीत. महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० मध्ये कंपनीनं संघ बंद केला. पुण्यात भारत एफसी आला, एक सीझन खेळला, गेला. पुणे एफसी गेला. डीएसके शिवाजियन्स दोन सीझन आय-लीग, म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय लीग, खेळून गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याच्या जागी हैदराबाद आलं. नुसत्या आपल्या महाराष्ट्रात हे सगळं पंधरा वर्षांच्या आत झालं. त्या संघांत जी पोरं होती ती काय भटकायची हौस म्हणून फिरली?

आता ज्याच्यामुळं ही फाईल आली, त्याचं सांगते. तू बंगळुरात होतास त्या वर्षी तालमीच्या मंडळानं आपली खालची खोली सीझनपुरती भाड्यानं घेतली होती, नायजेरियाच्या एका खेळाडूसाठी. तुला मी फोनवर तेव्हा फार सांगितलं नाही. तोही तुझ्यासारखा मिडफिल्डर, मधल्या फळीतला, एकतीस वर्षांचा. गल्ली त्याला ‘दादा’ म्हणायची. पहिल्या दिवशी मी मिसळ दिली तर बिचारा अर्धा तास पाणी पीत बसला, दुसऱ्या दिवशी स्वतःहून कट मागायला आला. शाहू स्टेडियमवर मॅच असली की चारच्या मॅचला दीडपासून पायरीवर बसून पायाला पट्ट्या बांधायचा, एकेक वळसा मोजून.

एकदा तो स्टँपपेपर घेऊन वर आला. करार मराठीत टाईप केलेला, त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि सही करून बसला होता. मी वाचून दाखवला. तोंडी ठरलेला बोनस त्यात कुठंच नव्हता. मी चप्पल घालून त्याच्याबरोबर मंडळात गेले. कार्यकर्ते हसले, ‘वहिनी, आम्ही काय पळून जाणार आहे का?’ मी म्हटलं, पळून जाऊ नका, एक ओळ वाढवा. वाढवली त्यांनी, आणि पैसेही दिले. माणसं वाईट नव्हती, पण कागदावर नसलेली गोष्ट सीझन संपताना कोणाला आठवत नाही. ते मी कर्जवसुलीत रोज बघते.

त्या दिवशी त्यानं मला त्याची फाईल दाखवली. निळीच होती. चार देशांतले करार, प्रत्येक क्लबाचं सोडल्याचं पत्र, गुडघ्याचा एमआरआय, आणि प्रत्येक कराराच्या मागं पेन्सिलीनं पैसे आल्याच्या तारखा. दोन करारांच्या मागं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या पानांवर तो थांबला नाही, पुढं उलटली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तुझ्यासाठी तसलीच फाईल घेतली.

रविवारी तो आईला व्हिडिओ कॉल करायचा आणि फोन माझ्या हातात द्यायचा. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची नाही. ती पातेल्यातलं दाखवायची, मी कढईतलं दाखवायचे, आणि दोघी माना हलवायचो. मेमध्ये एक बॅग घेऊन तो गेला. स्टँडवर सोडायला अर्धी गल्ली होती. आणि ऐक, त्या सहा महिन्यांत गल्लीत एकाही माणसाच्या तोंडून मी ऐकलं नाही की ह्याला कोण ठेवून घेत नाही वाटतं. ‘चार देश खेळून आलाय’ असं छाती काढून सांगायचे, जणू काही हेच त्याच्याबरोबर फिरत होते. मग तुझ्या बाबतीत काकूंना खोटं सांगायची मला काय गरज पडली? ह्याच्यावर मी दोन रात्री विचार केला.

आता ऐझॉलचं. चार महिन्यांचा करार, राज्याच्या लीगमधला संघ. काका म्हणतात, त्यापेक्षा पोलीस भरती बघ, क्रीडा कोट्यातून. तुझं वय अजून मर्यादेत आहे, त्यामुळं ती वाट मी रजिस्टरमध्ये वेगळ्या पानावर लिहून ठेवली आहे. चालायचीच असेल तर हा सीझन खेळून ये, मग चाल. पण ‘एवढ्या लांब कोण जातं’ हे मला पटत नाही. २०१६-१७ ला आय-लीग कोणी जिंकली ते तुझ्याच बाबांना विचार. ऐझॉल एफसीनं. आदल्या वर्षी खालच्या विभागात ढकललेला आणि मग परत घेतलेला संघ. कोच खालिद जमील, स्वतः जुना मिडफिल्डर, मुंबई एफसीतून बाहेर पडून तिकडं गेलेला. ऐझॉल पहिला आला त्याच सीझनला मुंबई एफसी तळाला गेला आणि नंतर बंदच पडला. त्याच ऐझॉल संघात मुंबईचा जयेश राणे होता, तुझ्याच जागेच्या आसपासचा. आधी चेन्नईयिन, नंतर एटीके, मोहन बागान, बंगळूर; मुक्काम कुठंच फार नाही आणि करंडक मात्र ठिकठिकाणचे. जमील तर या १ तारखेला भारताचा कोच झाला. म्हणून तूही होशील असं मी म्हणत नाही, मला तेवढी अक्कल आहे. तिथं फुटबॉल बघणारी माणसं आहेत एवढंच म्हणते.

कागदांकडं ध्यान दे. बाहेरच्या माणसाला मिझोराममध्ये जायला इनर लाईन परमिट, म्हणजे प्रवेशाचा परवाना, लागतो. तो क्लबाकडून काढून घे, तू विमानतळावर रांगेत उभा राहू नकोस. आधारच्या चार झेरॉक्स आणि आठ फोटो दुसऱ्या कप्प्यात आहेत. करारात पगाराची तारीख आकड्यात लिहून घे, ‘महिन्याअखेरीस’ असलं काही नको. जखम झाली तर खर्च कोणाचा, ती ओळ बघ. दोन महिन्यांचा पगार थकला तर फिफाच्या नियमात पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार मोडता येतो. चौथ्या क्लबाच्या वेळी हे मला माहीत असतं तर तू पुढं फुकट धावत राहिला नसतास. वाद झालाच तर एआयएफएफची, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाची, प्लेयर्स स्टेटस कमिटी आहे, आणि तिथंही शेवटी कागदच बघतात.

करार संपल्यावर तू आज मोकळा आहेस, तेही कोणाच्या तरी जिवावर. बेल्जियमचा बॉस्मान, तोही मिडफिल्डर. १९९० मध्ये त्याचा करार संपला तरी लिएजचा क्लब पैसे घेतल्याशिवाय त्याला फ्रान्समध्ये जाऊ देईना. तो कोर्टात गेला, १५ डिसेंबर १९९५ ला जिंकला. तोवर त्याची खेळायची वर्षं केसच्या तारखांत निघून गेली होती. युरोपातला निकाल, पण त्याची हवा सगळीकडं गेली. तुझ्या खोलीत पोस्टर मेस्सीचं आहे, असू दे.

तिथं मैदानं कृत्रिम टर्फची आहेत, तुझे लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब खुंट्या असलेले, बूट चालणार नाहीत, गुडघा जाईल. बाबांनी कोणाला न सांगता बिनखांबी गणेश मंदिराजवळून नवे आणलेत, आखूड स्टडचे. कपाटावर ठेवलेत आणि तुला ‘सापडले’ म्हणून देणार आहेत. तू आश्चर्य दाखव. आणि ते नेहमीचं सांगतील, बॉल यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागं बघ. शंभरदा ऐकलंयस, एकशेएकदा ऐक.

गणपतीला तू नसशील. आरतीच्या वेळी फोन लावीन, रेंज असली तर उचल. कांदा-लसूण मसाल्याची बरणी दोन पिशव्यांत बांधली आहे, बुटांत कोंबू नकोस. तिथं कोणी खायला घातलं तर त्या घरच्या बाईला माझ्याशी बोलायला दे.

रजिस्टरमध्ये सातवी ओळ मी आखली आहे. पहिला रकाना तुझ्या सहीच्या दिवशी भरीन, कराराच्या प्रत्येक पानाचा फोटो मला आल्यावर. आणि काकूंना आज सकाळी सांगून टाकलं, ओंकार ऐझॉलला चाललाय. त्या म्हणाल्या, ‘हे कुठं आलं?’ मी म्हटलं, चहा टाका, सांगते.

तुझी,
आई